माकडाचा विनोद आता आपण सांगू या

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कराडजवळच्या एका क्लासमध्ये मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. त्या दिवशी फळ्यावर ‘उत्क्रांती’ एवढाच शब्द लिहिला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, तुमचे आजोबा माकड असतील. आमचे पैलवान होते.”

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. विनोद चांगला होता आणि त्या पोराचे आजोबा खरंच पैलवान होते. पण हसू ओसरल्यावर मी शिकवायला लागलो तेव्हा लक्षात आलं की वर्ग हातातून गेलाय. मुलं जागेवर होती, वह्या उघड्या होत्या, पेनं चालत होती, ऐकत मात्र कोणी नव्हतं. ज्या गोष्टीवर आत्ताच पोट धरून हसलो ती खरी असेल, असं कोणाला वाटणार?

संध्याकाळी एक मुलगी मागे थांबली. वर्गात नेहमी पहिल्या तिघांत येणारी. तिला डॉक्टर व्हायचंय. हळूच म्हणाली, “सर, पेपरात हे लिहिलं तर गुनाह होतो का?”

मी विचारलं, “असं कोण म्हणालं?”

“कोणी नाही. पण मी हा धडा ऑप्शनला टाकणारे. बाकीचं सगळं करते.”

मित्रांनो, हा लेख त्या मुलीसाठी आहे. आणि त्या पैलवानाच्या नातवासाठीसुद्धा, कारण चूक त्याची नव्हती. त्याने एक विनोद सांगितला. मला त्याच्या तोडीचा विनोद सांगता आला नाही, ही खरी अडचण होती.

आधी माझी कबुली देतो. तिच्या वयाचा असताना मीही हाच विनोद सांगत होतो. आमच्या मोहल्ल्यात कोणीतरी आखातातून एक सीडी आणली होती. सुंदर फुलं, मासे, पक्षी, गंभीर आवाज आणि मागे संगीत. दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न: हे सगळं काय आपोआप झालं? मला ती सीडी तोंडपाठ होती. कॉलेजात बाईंनी उत्क्रांती शिकवायला घेतली की मी उभा राहून सीडी सुरू करायचो, मित्र बाकं वाजवायचे, बाई थकून पुढच्या धड्याला जायच्या. मी जिंकायचो. आता इतक्या वर्षांनी मला त्या बाईंची माफी मागावीशी वाटते.

माझं मत कोणत्या वादविवादाने बदललं नाही. एका किड्याच्या फोटोने बदललं.

तुर्कस्तानात अदनान ओकतार नावाचा एक माणूस ‘हारून याह्या’ या टोपणनावाने लिहायचा. त्याचा ‘अ‍ॅटलास ऑफ क्रिएशन’ हा सातशेहून जास्त पानांचा, गुळगुळीत कागदावरचा ग्रंथ २००६ साली निघाला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेतल्या शाळांना आणि शास्त्रज्ञांना न मागता, फुकट घरपोच गेला. पुस्तकाची पद्धत सोपी होती. एका बाजूला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्माचा फोटो, दुसऱ्या बाजूला आजच्या प्राण्याचा. बघा, काही बदललंय का? नाही ना, मग उत्क्रांती खोटी. त्यात कॅडिस माशी नावाच्या एका किड्याचंही पान होतं. आजचा जिवंत किडा म्हणून जो फोटो छापला, त्यातल्या किड्याच्या पोटाखालून लोखंडी गळ बाहेर आलेला दिसत होता. मासे पकडण्यासाठी अमेरिकेतल्या एका कारागिराने दोऱ्याने आणि पिसांनी बनवलेलं ते आमिष होतं! रिचर्ड डॉकिन्स यांनी हे दाखवून दिलं आणि जगभर हशा पिकला.

तो फोटो मी पाहिला तेव्हा आधी पुस्तकावर हसलो. मग स्वतःवर. माझ्या सीडीचा युक्तिवाद हाच होता, याच धाटणीचे फोटो होते, आणि त्यातला गळ मी कधी शोधला नव्हता. मासा होऊन तो गिळला होता.

ओकतारचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. २०१८ साली त्याला अटक झाली. गुन्हेगारी टोळी चालवणं, लैंगिक अत्याचार अशा आरोपांखाली २०२१ मध्ये १,०७५ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात खटला पुन्हा चालला आणि २०२२ मध्ये ती ८,६५८ वर्षांची झाली. पण ही शिक्षा म्हणजे उत्क्रांतीचा पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवा. माणूस वाईट असला म्हणून त्याचा युक्तिवाद चुकीचा ठरत नाही. युक्तिवाद चुकीचा ठरवायला तो गळ पुरेसा आहे.

आता जरा मागे जाऊ. उत्क्रांतीवरचे पहिले विनोद तिच्या विरोधकांनी केले. १८५९ मध्ये डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आलं. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या सभेत बिशप विल्बरफोर्स यांनी थॉमस हक्सलींना विचारलं म्हणतात, की तुमचं माकडाशी नातं आजोबांकडून की आजीकडून? नेमके शब्द काय होते यावर इतिहासकारांचा वाद आहे, पण विनोदाची जात बघा. आमच्या कराडच्या मागच्या बाकावर तोच आला होता. १८७१ मध्ये लंडनच्या ‘द हॉर्नेट’ मासिकाने डार्विनचं दाढीवालं डोकं ओरांगउटानच्या धडावर बसवलं. आणि आपल्या उपखंडात अकबर इलाहाबादींनी डार्विनची टर उडवणारे शेर लिहिले. ते मुशायऱ्यात आजही दाद घेतात. अकबर मोठे शायर होते आणि शेर खुसखुशीत आहेत. म्हणजे दीडशे वर्षं लोक आपल्याला हसवून गप्प करतायत. आपण मात्र प्रत्येक वेळी आकृती आणि व्याख्या काढून उत्तर द्यायला जातो. हशाला व्याख्येने उत्तर देता येत नाही.

म्हणून मी विनोद गोळा करायला लागलो. अट एकच ठेवली: ज्या विनोदात उत्क्रांतीचं काम कसं चालतं ते कळेल, तोच वर्गात सांगायचा. नुसती टिंगल नको. त्यातले काही तुम्हाला देतो, हवे तसे वापरा.

पहिला प्रश्न नेहमीचा. “माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत?” मी विचारतो, “मराठी महाराष्ट्री प्राकृतातून आली, मग कोकणी अजून का आहे?” दोन मिनिटं वर्ग विचारात पडतो. मग पुढे जातो. प्राकृत बोलणाऱ्या आईच्या पोटी एका सकाळी मराठी बोलणारं बाळ जन्मलं आणि आईला त्याचं रडणंही समजेना, असं कधी झालं का? प्रत्येक पिढीला आपल्या आईची भाषा कळत होती. तरी हजार वर्षांनी बघावं तर भाषा वेगळी. माणूस आणि चिंपांझी यांचंही असंच आहे. चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे. दोघांचा सामाईक पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होता. तुम्ही जन्मलात म्हणून तुमच्या चाच्याची मुलं नाहीशी झाली का? ईदला शिरखुर्मा प्यायला येतातच ना?

दुसरा विनोद जिराफाचा. मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणारी एक नस असते. मेंदू आणि स्वरयंत्र शेजारी-शेजारी, अंतर वीतभर. पण जिराफाच्या डाव्या बाजूची ही नस सरळ जात नाही. ती लांबलचक मानेतून खाली छातीत उतरते, हृदयाजवळच्या महारोहिणीला वळसा घालते आणि पुन्हा सगळी मान चढून स्वरयंत्रापाशी येते. प्रवास चार मीटरहून जास्त. म्हणजे कराडहून शेजारच्या मलकापूरला जायचंय आणि कंडक्टर म्हणतोय, “कोल्हापूरला जाऊन माघारी यावं लागेल, बसा.” असा रस्ता कोणी का काढेल? काढलाच नाही, तो पडत गेला. माशाच्या शरीरात ही नस कल्ल्यांकडे सरळ जाते. माशाला मान नसते, त्यामुळे वळसाही नसतो. पुढे माशांच्या वंशजांना मान आली, हृदय खाली सरकलं, आणि नस रक्तवाहिनीत अडकलेली होती ती तशीच ताणत गेली. प्रत्येक पिढीत थोडीशी लांब. जुना रस्ता उखडून नवा काढण्याची सोय उत्क्रांतीत नाही, ठिगळ लावत जावं लागतं. आपल्याकडच्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या मुलांना हे पटकन कळतं.

तिसरा विनोद देवमाशाचा. मासा नसलेला हा मासा. तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो आणि कातडीच्या आत अजून कंबरेची लहानशी हाडं बाळगतो. पाय गेले, कंबर राहिली! त्याचे पूर्वज जमिनीवर चालायचे. यातली मौज अशी की त्याचे सगळ्यात महत्त्वाचे जुने नातेवाईक आपल्याच भागात सापडलेत. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीचा ‘पाकिसेटस’ पाकिस्तानात, आणि जवळपास त्याच काळातला, मांजराएवढा, हरणासारखा दिसणारा ‘इंडोहायस’ जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटला. नावातच देश बघा. एक पाक, एक इंडो, आणि दोघांच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशासारखी. तेव्हा ना व्हिसा होता ना सीमा. दोघांचा खानदान एकच निघाला आणि अजून कोणत्याही चॅनलने त्यावर चर्चा ठेवली नाही.

चौथा विनोद हसवतो आणि रडवतोही. “उत्क्रांती कोणी पाहिली?” आपल्या राज्यातल्या कापूस उत्पादकांना विचारा. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्या झाडात अळीला मारणारं विष असतं. बहुतेक अळ्या मेल्या. ज्या थोड्या अळ्यांना ते विष पचत होतं त्या जगल्या, त्यांचीच पिल्लं झाली, त्यातली पचवणारी पुन्हा जगली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस फस्त केला. बोंडअळीने डार्विन वाचला नव्हता आणि तिला तो मान्य होता की नाही हे कोणी विचारलं नाही. तुम्ही मानत नसाल तरी उत्क्रांती तुमच्या शेतात येते. दवाखान्यातही येते. औषधाचा कोर्स अर्धवट सोडला की टीबीचे जंतू हेच करतात.

हा शेवटचा मुद्दा त्या मुलीला सांगताना मी हसलो नव्हतो. उत्क्रांती ऑप्शनला टाकणारा डॉक्टर प्रतिजैविकं कशी लिहून देणार?

आता कोणी म्हणेल, सर, तुम्ही आपल्याच लोकांची टिंगल करताय. आधीच सगळे आपल्याला मागास म्हणतात, त्यात तुम्ही त्यांच्या हातात कोलीत देताय. ही भीती खोटी नाही. व्हॉट्सॅपवर आपल्यावर रोज काय हसतात ते मलाही माहीत आहे. पण उत्क्रांती नाकारण्याची मक्तेदारी आपल्याकडे नाही, हे एकदा नीट बघा.

जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादेत, केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, कारण माकडाचा माणूस होताना कोणीच पाहिलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांना उत्तर दिलं. निवेदन उत्तम होतं. पण मला राहून राहून एक गोष्ट आठवत होती. हे साहेब एकेकाळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. साक्षीदार नाही म्हणून पोलीस खुनाची फाइल बंद करतात का? बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, डीएनए कशासाठी असतात? उत्क्रांतीचा तपासही तसाच चालतो. जीवाश्म हे ठसे आणि डीएनए हा डीएनएच. फक्त मयत जुना आहे.

अमेरिकेतली गंमत तर याहून भारी. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेत उत्क्रांतीच्या जोडीला ‘इंटेलिजंट डिझाइन’ आणलं गेलं. म्हणणं असं की हा धर्म नाही, वेगळं विज्ञान आहे. २००४ मध्ये पालक कोर्टात गेले. मुलांना सुचवलेल्या पुस्तकाचे जुने मसुदे कोर्टात तपासले गेले. आधीच्या मसुद्यात ‘क्रिएशनिस्ट्स’ म्हणजे सृष्टिवादी हा शब्द होता. १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सृष्टिवाद सरकारी शाळांत शिकवणं घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा लेखकांनी तो शब्द काढून तिथे ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ टाकला. घाईत एका ठिकाणी जुना शब्द अर्धाच पुसला गेला आणि मसुद्यात उरला ‘सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स’. दोन शब्दांच्या मधला जीवाश्म! ज्यांना आयुष्यभर उत्क्रांतीतला मधला दुवा सापडला नाही, त्यांच्याच पुस्तकात तो सापडला. शाळेचं मंडळ खटला हरलं.

तेव्हा ख्रिस्ती गाव असो, वैदिक संमेलन असो की तुर्की प्रकाशक, युक्तिवाद तोच, फोटो तोच, माकडही तेच. तुर्कस्तान सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढायचं जाहीर केलं. आपल्या एनसीईआरटीने काही वर्षांतच दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती कापली. २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं इथे एकाच कात्रीने कापतात. यावर हसायचं नाही तर कशावर?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. विनोद करता करता तुम्ही मजहबची थट्टा कराल. याबद्दल मी स्पष्ट बोलतो. मी आलिम नाही. नमाज पढतो, रोजे ठेवतो. कोणी म्हणालं, “माझा अल्लाहवर ईमान आहे,” तर त्यात हसण्यासारखं काही नाही आणि मी हसत नाही. पण कोणी म्हणालं, “हा फोटो बघा, यावरून विज्ञान खोटं ठरतं,” तर तो फोटो उलटसुलट करून बघायचा माझा हक्क आहे. त्यात गळ निघाला तर मी हसणार. पहिलं वाक्य ईमानाचं आहे, दुसरं दुकानदारीचं.

आलिमांमध्येही याबाबत एकमत नाही. काही उत्क्रांती पूर्ण नाकारतात, काही हजरत आदम यांचा अपवाद ठेवून बाकीची स्वीकारतात, काही पूर्ण स्वीकारतात. आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीचे आलिम हुसैन अल-जिस्र यांनी १८८८ मध्येच लिहिलं होतं की हा सिद्धांत पक्क्या पुराव्याने सिद्ध झाला तर आयतींचा अर्थ त्याला धरून लावता येईल. जॉर्डनच्या हाशमी विद्यापीठात राना दजानी हिजाब घालून उत्क्रांती शिकवतात. म्हणजे त्या मुलीपुढे ‘धडा की ईमान’ असे दोनच रस्ते नाहीत. ते दोनच आहेत असं तिला सांगणाऱ्यांवर माझा राग आहे, मग ते स्टेजवरचे वक्ते असोत नाहीतर धर्माची खिल्ली उडवून टाळ्या घेणारे कॉमेडियन.

कारण असे विनोदही मी पाहिलेत. २००५ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात शिक्षण मंडळ ‘इंटेलिजंट डिझाइन’चा विचार करत होतं. तेव्हा बॉबी हेंडरसन या तरुणाने मंडळाला पत्र लिहिलं: माझ्या मते विश्व एका उडत्या शेवयांच्या राक्षसाने बनवलं, तेव्हा त्यालाही वर्गात तेवढाच वेळ द्या. समुद्री चाचे कमी झाले म्हणून पृथ्वीचं तापमान वाढलं, असा एक आलेखही जोडला. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण असतं असं नाही, हे शिकवायला तो आलेख झकास आहे आणि मी तो वर्गात वापरतो. शेवयांचा राक्षस मात्र वापरत नाही. माझ्या वर्गातल्या मुलीला त्यात तिच्या दादीच्या तसबीहची थट्टा ऐकू येईल आणि ती कान बंद करेल. विनोद कोणाला सांगतोय हे कळलं नाही तर तो वाया जातो.

मला आवडतो तो दुसरा प्रकार. उत्क्रांतीवर शंका घेणाऱ्यांनी एकदा शास्त्रज्ञांच्या सह्यांची यादी काढली. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेतल्या एका विज्ञानशिक्षण संस्थेने २००३ मध्ये उत्क्रांती मानणाऱ्यांची यादी सुरू केली. त्यात सही करायची अट अशी की नाव स्टीव्ह किंवा त्याचंच दुसरं रूप असायला हवं. नुसते स्टीव्हच चौदाशेच्या वर गेले! कोणाचा अपमान नाही, देवाचं नाव नाही, आणि मुद्दा पोचला. मुलांना मी म्हणतो, आपण सलीम नावाची यादी करू. सुरुवात मुंबईच्या डॉ. सलीम अलींपासून. बर्लिनला एरविन स्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षीशास्त्र शिकून आलेला हा माणूस अलिबागजवळ किहीमला सुगरण पक्ष्यांची घरटी बघत बसला. त्यातल्या नराच्या भानगडींचं त्यांचं वर्णन ऐकून वर्ग नेहमी हसतो.

आणि आपल्या परंपरेत विनोद आणि प्राणी एकाच माणसाच्या हाती होते. बसराचा अल-जाहिज नवव्या शतकातला. चिक्कू लोकांच्या किश्श्यांचं ‘किताब अल-बुखला’ हे पुस्तक त्याचंच, आणि प्राण्यांवरचं अनेक खंडांचं ‘किताब अल-हैवान’ही त्याचंच. कोण कोणाला खातो, कोण कसा जीव वाचवतो, आजूबाजूच्या परिस्थितीचा प्राण्यांवर काय परिणाम होतो, हे तो किस्से सांगत लिहितो. म्हणून लगेच ‘डार्विनच्या हजार वर्षं आधी आम्ही उत्क्रांती शोधली’ असं स्टेटस ठेवू नका. तसं नव्हतं. दुसरे पुराणातलं विमान दाखवतात तेव्हा आपण हसतो, तर आपलं विमानही उडवायला नको. अल-जाहिजकडून घ्यायची ती सवय: नीट बघायचं आणि हसत सांगायचं. पुस्तकांचा ढीग अंगावर पडून तो मेला, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे त्या मरणाचा धोका फारसा उरलेला नाही.

शेवटी घरातली गोष्ट. आमचे चाचा कबुतरबाज. गच्चीवर तीसेक कबुतरं, त्यात मोरासारखी शेपूट पसरणारे लक्के. उत्क्रांतीचं नाव काढलं की चाचा तोबा तोबा करतात. एकदा मी विचारलं, “चाचा, ये दुम ऐसीच थी क्या पहले?”

“ऐसीच कैसी? बीस साल जोड लगाया मैं. जिसकी दुम बडी, उसकाच बच्चा रखा.”

“चाचा, डार्विन भी येईच बोलता. वो भी कबूतर पालता था.” हे खरं आहे. डार्विन लंडनच्या कबुतरबाजांच्या क्लबात जाऊन बसायचा आणि त्याच्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण कबुतरांनी भरलंय.

चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जोड मैं लगाया. जंगल में कौन लगाता?”

याहून चांगला प्रश्न मला कोणत्याही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. जंगलात थंडी लावते, भूक लावते, ससाणा लावतो. ज्याला ते झेपतं त्याची पिल्लं उरतात. चाचांना मी तेवढं सांगितलं. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पण आता ते आल्या-गेल्याला सांगतात, “वो डार्विन अपने लाइन का आदमी था.”

त्या मुलीचं काय झालं? तिने धडा केला. तिचं मत बदललं का, हे मी विचारलं नाही. तो तिचा मामला. पण जिराफाच्या तासानंतर ती पुन्हा थांबली होती. “सर, माणसातपण ती नस तशीच खाली जाऊन वर येते?”

म्हटलं, “तशीच. गळ्यात थायरॉईडला चिकटून वर चढते. थायरॉईडचं ऑपरेशन करताना सर्जनला ती जपावी लागते, धक्का लागला तर पेशंटचा आवाज बसतो.”

तिने वहीत जिराफाशेजारी माणसाचा गळा काढला आणि त्या नसेवर लाल पेनने गोल केला.